पाण्याला फॅटी लिव्हर

"सर, आपल्या पाण्याला फॅटी लिव्हर झालंय."

केळापुरे सरांनी चहाचा घोट घेतला, गिळला आणि मग विचारलं, "कोणत्या पाण्याला?"

"डिस्टिल्ड वॉटरला. आणि साधंसुधं नाही झालेलं. पेशंट असतं तर मी त्याला चालत घरी जाऊ दिलं नसतं."

"कल्याणी, तुझी झोप झाली नाही का?"

"माझी झाली, सर. पाणीच आजारी आहे."

हे बोलणं झालं नागपुरात, यकृतावर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अकरा वाजता. त्याला आता वीस वर्षं होतील. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं आणि माझी फेलोशिप सोमवारी येणाऱ्या कमिटीच्या हातात होती. कमिटी खूश झाली तर आणखी दोन वर्षं. नाही झाली तर वरोरा. वरोऱ्यात आईबाबा होते आणि त्यांनी बघून ठेवलेला एक मुलगा होता. त्याची सिमेंटची एजन्सी होती. मुलगा वाईट नव्हता. फक्त सिमेंटबद्दल फार मनापासून बोलायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. चरबी पचवायला लिव्हर बाइल ॲसिड बनवतं, म्हणजे पित्तातली आम्लं. ती आतड्यात उतरतात, काम करतात आणि बहुतेक सगळी परत लिव्हरकडे येतात. धडधाकट माणसाच्या रक्तात ती अगदी थोडी सापडतात. लिव्हरवर चरबी चढली की हे येणंजाणं बिघडतं आणि रक्तात जास्त दिसायला लागतात. ती किती जास्त, कोणती जास्त, हे आम्ही मोजायचो. लिव्हरमध्ये सुई खुपसून तुकडा काढायच्या ऐवजी थेंबभर रक्तावर काम भागेल का, एवढंच बघायचं होतं.

त्यासाठी साठ फॅटी लिव्हरवाले हवे होते आणि साठ निरोगी. फॅटी लिव्हरवाले आठ दिवसांत जमले. नागपूरच ते, सोनोग्राफी सेंटरच्या दारात उभं राहिलं की झालं. खरी पंचाईत निरोग्यांची. आधी संस्थेतल्याच लोकांची सोनोग्राफी केली, तर अकरा शास्त्रज्ञांपैकी आठ जण पेशंट निघाले. माझे गाइड केळापुरे सर तर यादीत पहिले. शेवटी मी सायकलवर टपाल वाटणारे साठ पोस्टमन शोधले. सकाळी सहाला उपाशीपोटी बोलवायचं, रक्त घ्यायचं आणि मग तर्री-पोहे खायला घालून सोडायचं. असं जमवता जमवता वर्ष गेलं. तोवर त्यातल्या निम्म्यांनी मोटरसायकली घेतल्या आणि त्यांची पोटं सुटली. म्हणजे ते सायकलवालं रक्त आता पुन्हा मिळणार नव्हतं. होतं ते आमच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशीवर, प्रत्येकाच्या दोन-दोन छोट्या नळ्यांत.

आणि मोजायला होती सूनबाई. हे आमच्या मास स्पेक्ट्रोमीटरचं नाव. परदेशातून आली होती, एसीशिवाय बसायची नाही, धूळ सहन करायची नाही, आणि घरातली एकही गोष्ट तिच्यापासून लपायची नाही. अंबाझरी तलावात कुणी चमचाभर साखर टाकली असती तरी तिनं नाव-गावासकट सांगितलं असतं. तिला हे नाव दिलं होतं गुलाबरावांनी.

गुलाबराव नेवारे आमचे शिपाई. एकतीस वर्षं नोकरी, डिसेंबरात रिटायर. निरोप समारंभाला कोणती शाल घ्यायची ते त्यांनी आधीच ऑफिसात सांगून ठेवलं होतं. "हिरवी नको जी, दर्ग्यावरच्या चादरीवानी दिसते. मरून आना."

गोष्ट सुरू झाली त्या गुरुवारी, खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो आणि आम्ही शास्त्रज्ञ सूनबाईची. दर वर्षी गुलाबराव ताट सजवायचे, झेंडूचं तोरण लावायचे, उंबऱ्यावर नारळ फोडायचे आणि सर ओवाळायचे. त्या वर्षी मात्र सरांनी खिशातून एक चांदीची डबी काढली.

"गोरोचन," सर म्हणाले. "माझ्या साडूनं काशीहून आणलंय. बाजारात मिळतं ते सगळं नकली. हे अस्सल आहे. गाईच्या मस्तकात तयार होतं, लाखात एखाद्या गाईच्या."

आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं माना डोलावल्या. सरांनी ते गुलाबपाण्यात उगाळलं, पिवळंधमक गंध झालं. आधी सूनबाईला टिळा. मग सेंट्रिफ्यूजला, फ्रीजरला, पिपेटांना, बाटल्यांना. मग शास्त्रज्ञांना, सिनियॉरिटीप्रमाणे. अकरावी मी. माझ्यानंतर गुलाबरावांनी टोपी काढून डोकं पुढे केलं.

सरांनी डबी बंद केली.

"गुलाबराव, तुम्ही कुंकू लावा. हे जरा मोजकंच आहे."

"हौ जी," गुलाबराव म्हणाले. ताटातलं कुंकू त्यांनी आपल्याच हातानं आपल्या कपाळाला लावलं आणि टोपी घातली. मी माझ्या चपलांकडे बघितलं. बाकीच्या नऊ जणांनीही आपापल्या चपलांकडे बघितलं असावं.

मग सर मला म्हणाले, "चल, आता सगळी सॅम्पल्स काढ. गुलाबराव, प्रत्येकाच्या दोन्ही नळ्या काढा. कल्याणी, आज तयार करून लावून टाक, मशीन दसऱ्याच्या सुटीत आपलं आपलं चालत राहील. सोमवारी कमिटीसमोर आकडे पाहिजेत."

"आज?" गुलाबराव म्हणाले. "साहेब, आज हत्याराले हात लावत नसते. पूजा झाली का त्याले आराम द्याचा. उद्या सोनं लुटून आलो का मंग लावाचा हात."

"गुलाबराव, ही प्रयोगशाळा आहे. इथं विज्ञान चालतं."

"मंग पूजा कायले केली?"

सर जेवायला गेले.

मी दिवसभर बसून काम केलं. नळीतलं सिरम घ्यायचं, त्यात मेथॅनॉल ओतायचं, ढवळायचं, फिरवायचं, वरचं स्वच्छ पाणी काढायचं. एकशेवीस वेळा. मधून मधून रक्ताच्या जागी नुसतं पाणी घेऊनही तेच सगळं करायचं. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँकमध्ये काही दिसायला नको. दिसलं तर समजायचं की घाण रक्तातली नाही, आपल्या घरातली आहे. संध्याकाळी सहाला सूनबाईला सगळं लावून दिलं आणि दसऱ्याला सोनं वाटायला मोकळी झाले.

शनिवारी सकाळी मी पोचायच्या आतच सरांनी आकडे छापून घेतले होते. अर्थातच ब्लँकचं पान सोडून.

"कल्याणी! बघितलंस का?" सर व्हरांड्यातच भेटले. कपाळावर पिवळा टिळा. खंडेनवमीपासून ते रोजच लावायला लागले होते. "पोस्टमन! सगळेच्या सगळे! पेशंटांपेक्षा तसूभर कमी नाहीत. दिसायला काटक आणि आतून सडलेले! आपण निरोगी समजत होतो तेच खरे आजारी. हा शोध आहे, शोध! मी पेपरवाल्याला सोमवारी बोलावलंय."

"सर, पोस्टमनचे आकडे नॉर्मलच्या दहापट आहेत. एवढ्यात माणूस पिवळा होऊन खाजवत बसतो. ते जिने चढून मनीऑर्डरी देतात."

"तेच तर! कळतच नाही त्यांना!"

मी ब्लँकचं पान काढलं आणि त्यानंतर पाण्याच्या तब्येतीबद्दलचं ते बोलणं झालं.

सरांना समजायला पाच मिनिटं लागली. समजल्यावर खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून आधी पेपरवाला गेला, मग कमिटी गेली, मग पुढच्या वर्षीची मोठी ग्रँट गेली, हे मला अगदी ओळीनं दिसलं.

"म्हणजे कुणीतरी घाण केली," ते म्हणाले.

"काहीतरी पडलंय कशात तरी. कुठून आलं ते शोधायला हवं."

"शोधायचं काय त्यात? नारळ!"

"काय?"

"गुलाबरावानं नारळ फोडला ना? शिंतोडे उडाले. मी पाहिले."

"सर, तो उंबऱ्यावर फोडला होता. आणि हे बाइल ॲसिड आहे. नारळाला लिव्हर नसतं."

"तू फार बोलतेस," सर म्हणाले आणि टाइपिस्टला हाक मारली.

दुपारी माझ्या टेबलावर मेमो आला. तो मला अजून पाठ आहे. 'सदर शिपायाने दिनांक अमुक रोजी नारळ अशास्त्रीय पद्धतीने फोडल्यामुळे एकशेवीस रक्तनमुने निकामी झाले असून त्याची खातेनिहाय चौकशी व्हावी.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, पुढे रिकामी जागा.

सर मागे येऊन उभे राहिले. आवाज एकदम मऊ. "हे बघ कल्याणी. कमिटीला कारण द्यावं लागतं. त्याला काय, दोन-अडीच महिन्यांत तसाही चाललाच आहे. तू सही कर. सोमवारी तुझ्या दोन वर्षांचं मी स्वतः बोलतो."

"चौकशी लागली तर त्यांची पेन्शन अडकेल ना, सर?"

"सुटेल गं दोन-चार वर्षांत. माणूस दणकट आहे. सोनोग्राफीसुद्धा नॉर्मल आली होती त्याची."

मी पेन हातात घेतलं. हे मी लपवत नाही. एका बाजूला दोन वर्षं होती आणि दुसऱ्या बाजूला सिमेंट. मग मी म्हटलं, "वाचून सही करते, सर. सोमवारी देते." सर खूश झाले. वाचून सही करणारी विद्यार्थिनी त्यांना पहिल्यांदाच मिळाली असणार.

रविवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले, तर गुलाबराव कमिटीसाठी खिडक्या पुसत होते. मेमोचं त्यांना कळलेलं होतं. मेमो टाइप होण्याआधी शिपायांना कळतो.

"मॅडम, चाहा घेता?"

"गुलाबराव, तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण खिडक्यांनी काय केलं?" ते पुसत राहिले. "एकच सांगा. नारळ फोडाची शास्त्रीय पद्धत कोणती असते? रिटायर होऊन राहिलो, शिकून तरी जातो."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. म्हणून मी उगाच सूनबाईवरचा पिवळा टिळा पुसायला लागले. निघेना. चांगलाच वाळला होता.

"ते पाण्यानं नाही निघत जी," गुलाबराव म्हणाले. "खडा असते तो. आमच्या घरी लेकराच्या गुटीत एक वळसा उगाळते बुढी. कडूजहर. लेकरू असं तोंड करते." त्यांनी तोंड करून दाखवलं.

"कसला खडा?"

"गोरोचन जी. गाईच्या पित्तातला खडा."

माझा हात टिळ्यावर तसाच राहिला. "सर तर म्हणाले गाईच्या मस्तकात असतं."

"मस्तकात कायले असंन? पित्ताच्या पिशवीत असते. आपल्या बाया-माणसाईले पित्ताचे खडे होते का नाही, तसे गाईले होते. आमचा एक सोयरा जनावराच्या दवाखान्यात होता, त्यानं पाहेल आहे काढताना." मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "तुमाले नवतं माहीत? तुमी तर पित्ताचंच शिकून राहिल्या ना?"

मी खाली बसले. अकरा शास्त्रज्ञ. त्यातले सात पीएचडी. एक तर पित्ताशयाच्या खड्यांवरच पुस्तक लिहिलेला. आम्ही सगळ्यांनी मिळून जगातला सगळ्यात घट्ट बाइल ॲसिडचा गोळा घेतला, गुलाबपाण्यात उगाळला आणि बाइल ॲसिड मोजायच्या यंत्राभोवती आपल्या हातानं फासला. वर नमस्कार केला.

पण यंत्राच्या पत्र्यावरचा टिळा रक्तात कसा उतरणार? तो तर बाहेर होता. मी एकेक वस्तू बघत फिरले. फ्रीजरचा टिळा जागेवर. सेंट्रिफ्यूजचा जागेवर. पिपेटांचे मुठीवर, टोकापासून हातभर लांब. मग मी आणखी एका वस्तूकडे बघितलं. तिथला टिळा जागेवर नव्हता. मी कापसाचे बोळे घेतले, ओले केले, ठिकठिकाणी फिरवले आणि दुपारी दोन वाजेपर्यंत सूनबाईकडून सगळं वदवून घेतलं. काय कळलं ते मी गुलाबरावांनाही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "उद्या कमिटीसमोर याल का? टोपी काढून."

"टोपी कायले?"

"कपाळ लागेल."

सोमवारी कमिटी आली. कमिटी म्हणजे तीन माणसं, पण बोलायच्या एकट्या डॉ. बर्वेबाई, पुण्याच्या. साठीच्या, बारीक, आणि समोरचा बोलायला लागला की घड्याळाकडे बघणाऱ्या. पेपरवाल्याला सरांनी येऊ नको म्हणून निरोप दिला होता, पण तो नाश्त्यासाठी आलाच.

सरांनी सुरुवात जोरात केली. "मॅडम, आमचा प्रयोग निर्दोष होता. दुर्दैवानं एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे नारळामुळे..."

"कशामुळे?" बर्वेबाई म्हणाल्या.

"नारळामुळे. कल्याणी, तो कागद दे."

मी उभी राहिले. का कोण जाणे, त्या दिवशी मला स्वतःबद्दल एक पैची शंका नव्हती. "सर, कागद तयार आहे. फक्त त्याला पुरावा जोडायचा राहिलाय. मॅडम, पन्नास मिनिटं द्याल? चार बोळे आहेत, एकेकाला बारा मिनिटं लागतात."

"पन्नास मिनिटं?" बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "पोहे आहेत का?"

"आहेत. तर्रीसकट."

"मग चालू दे."

मी पहिला कापूस घेतला. "गुलाबराव, टोपी." त्यांनी टोपी काढली. रोजच्या पूजेचं कुंकू होतं, त्यावरून बोळा फिरवला. दुसरा बोळा खंडेनवमीच्या नारळाच्या करवंटीवरून. गुलाबरावांनी ती जपून ठेवली होती. मेमोत नाव आल्यावर माणूस करवंटीसुद्धा जपतो. तिसरा बोळा घेऊन मी सरांसमोर गेले.

"सर, कपाळ द्या."

"काय?"

"टिळा हवाय. थोडासाच. मोजकाच."

"हा काय पोरखेळ..."

"केळापुरे, द्या हो," बर्वेबाई पोहे खाता खाता म्हणाल्या. "शिपायानं दिलं की."

सरांनी कपाळ दिलं. चौथा बोळा मी आधीच तयार करून आणला होता. बोळे बुडवलेल्या चारही शिशा सूनबाईच्या ताब्यात दिल्या आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

पहिली बारा मिनिटं. गुलाबरावांचं कुंकू. पडद्यावर सरळ रेघ. इकडून तिकडून सरळ, बाइल ॲसिडचं नावसुद्धा नाही.

दुसरी बारा मिनिटं. नारळ. सरळ रेघ.

"नारळाला लिव्हर नसतं," मी म्हटलं. या वेळी कुणी मला फार बोलतेस म्हणालं नाही.

तिसरी. पहिली तीन मिनिटं काही नाही. मग रेघेनं मान वर काढली आणि काढतच गेली. कोलिक, डीऑक्सिकोलिक, एकेका बाइल ॲसिडचे डोंगर, पडद्याच्या वरच्या कडेला टेकले. खाली आकडा आला. तो वाचून कमिटीतल्या एका डॉक्टरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हा माणूस जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"माणसाचं लिव्हर नाही, डॉक्टर. सरांचं कपाळ आहे. त्यावर गोरोचन आहे. गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताचा खडा. खंडेनवमीला आम्ही ते इथं सगळ्याला लावलं. यंत्रांना आणि शास्त्रज्ञांना. गुलाबरावांना तेवढं नाही लावलं, कारण ते महाग होतं. म्हणून त्यांचं कपाळ स्वच्छ आहे."

गुलाबरावांनी हळूच टोपी घातली.

सर पडद्याकडे बघत होते. घाम आला होता, टिळा नाकावर उतरत होता. मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, उजळला.

"म्हणजे ते अस्सल आहे!" सर म्हणाले. "साडू खरं बोलत होता! मला जरा शंकाच होती."

पेपरवाला मोठ्यानं हसला. बर्वेबाई नाही हसल्या. त्यांनी पेन्सिल पडद्याकडे रोखली. चौथी रेघ आता वर चढत होती. सरांच्या कपाळाएवढी नाही, पण डोंगरच.

"हा चौथा बोळा कुणाचा?"

"मेथॅनॉलच्या बाटलीच्या तोंडाचा, मॅडम. एकशेवीस नळ्यांत आणि पाण्यात, सगळ्यांत मी त्याच बाटलीतून ओतलं. टिळा तोंडाच्या कडेवर होता. दर वेळी ओतताना त्यावरून धार गेली आणि थोडं थोडं घेऊन गेली. मेथॅनॉलात ते चांगलं विरघळतं. पाण्याला फॅटी लिव्हर झालं ते असं."

"बाटलीच्या तोंडाला टिळा लावायची अक्कल कुणाची?"

सरांनी लगेच माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मग त्यांच्याही लक्षात आलं असावं की माझं नाव घेतलं तर टिळा लावणारं बोट कुणाचं, हेही निघेल. मला माहीत होतं. त्या दिवशी सर बाटल्यांच्या बुडाला टिळे लावत चालले होते आणि मेथॅनॉलची मोठी बाटली फडताळात मागे राहिली होती. कुणाच्या लक्षातही आली नव्हती. चौथा बोळा मी रविवारी केराच्या डब्यात टाकला असता, तर आजही कुणाच्या लक्षात आली नसती. तीन बोळ्यांत गुलाबराव सुटत होते, नारळ सुटत होता, मीही सुटत होते.

"माझी," मी म्हटलं. "मीच ती बाटली काढली, झाकण उघडलं आणि सरांसमोर धरली. 'सर, हिलाही लावा' म्हटलं. सर खूश होते. म्हटलं, आपण जरा जास्त भक्ती दाखवू. फेलोशिपचं बघतील."

बर्वेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मेमो आण इकडे."

मी दिला. त्यांनी 'अशास्त्रीय पद्धतीने' या शब्दांखाली रेघ मारली, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकला. "हा मी ठेवते. पुण्याला दाखवायला. आता मुद्द्याचं बोला. साठ पोस्टमन गेले ना वाया? ते रक्त पुन्हा मिळणार नाही, असं तुमच्याच अर्जात लिहिलंय."

हे खरं होतं. एक नळी मी वापरली होती आणि सरांच्या हुकमाप्रमाणे दुसरीही बाहेर निघून वितळलीच असणार, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं गेली, असं मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. मला सिमेंटच्या गोण्या ओळीनं दिसायला लागल्या.

"नाही गेले जी," मागून आवाज आला.

गुलाबराव पुढे आले. "साहेब म्हणे, दोन्ही नळ्या काढा. मी एकेकच काढली. खंडेनवमीले सगळ्या हत्याराईले आराम असते, म्या म्हटलं, अर्ध्या पोस्टमनाईले तरी राहू द्या आराम. दुसरी नळी जागेवरच आहे. एकशेवीसच्या एकशेवीस. बर्फ जमून राहिला त्याच्यावर."

"तुम्ही आदेश मोडला?" सर ओरडले.

"हौ जी."

बर्वेबाई मग हसल्या. घड्याळ काढून टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "केळापुरे, मला आधी तो फ्रीजर दाखवा. आणि तुम्ही नका येऊ, टिळा पुसून या. या मुलीला दोन वर्षं द्या. स्वतःच्या बाटलीचा बोळा घेऊन येणारं माणूस मला कमिट्यांवरच्या सोळा वर्षांत भेटलं नाही."

पुढचं साधं आहे. नवीन बाटली उघडली, दुसऱ्या नळ्या काढल्या, सगळं परत मोजलं. पोस्टमन ठणठणीत निघाले, पेशंट पेशंट निघाले आणि पाणी पाणी निघालं. जगाला आधीच वाटत होतं तेच आम्ही आकड्यांनी सांगितलं. त्याचा पेपर झाला. त्यात आभार मानताना मी 'श्री. गुलाबराव नेवारे यांनी नमुने जपले' असं लिहिलं. का ते लिहिलं नाही. सिमेंटवाल्याचं लग्न त्याच वर्षी झालं. मी जेवायला गेले होते, चांगलं होतं.

डिसेंबरात गुलाबरावांचा निरोप समारंभ झाला. मरून शाल आणली होती. सर छान बोलले, मनापासूनही असेल. मग त्यांनी खिशात हात घातला आणि सगळ्यांसमोर ती चांदीची डबी काढली.

"गुलाबराव, त्या दिवशी राहून गेलं. आज तुमच्या कपाळाला हे लावतो. पहिल्यांदा तुम्हाला. अस्सल आहे, मशीननं सिद्ध झालंय."

टाळ्या झाल्या. सर गंधाचं बोट पुढे करून वाट बघत उभे राहिले.

गुलाबराव दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी टोपी पार भुवयांपर्यंत ओढली.

"नको साहेब," ते म्हणाले. "मले कुंकूच बरं. अजून पेन्शनच्या कागदावर सही व्हाची आहे."